तो शिकारपूरचा नव्हता

"हा आपल्याकडचा आहे," कराचीआजी म्हणाली.

ओटीवर तीसेक माणसं दाटीने बसली होती, त्यामुळे तिचं बोलणं बहुधा माझ्याच कानावर आलं. १९८४चा डिसेंबर सरत आला होता. इंदिराबाईंच्या हत्येला दोन महिने होत होते आणि लोकसभेच्या मतमोजणीचे आकडे दूरदर्शनवर येत होते. मागच्या परसात पोपटी लावलेली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, वरून पुन्हा पाला दडपून मडकं उपडं केलेलं आणि भोवती पेंढा पेटवलेला. त्या धुराचा वास आणि लाकडी शटरच्या पेटीतला काळापांढरा टीव्ही या दोन गोष्टी माझ्या मनात कायमच्या एकत्र बांधल्या गेल्या आहेत.

टीव्ही वडिलांनी कारखान्याच्या पगारावर, हप्त्याने घेतलेला. मुंबई केंद्र १९७२च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं होतं, पण वरळीचा मनोरा आणि आमचं धाटाव यांच्यामध्ये डोंगर उभे. लोखंडी नळ्या एकात एक घालून अँटेना माडाच्या उंचीपर्यंत नेला, बूस्टर लावला, तरी वारा आला की पडद्यावर मुंग्या धावायच्या. मग एक जण परसात जाऊन नळी फिरवायचा आणि ओटीवरून सगळे ओरडायचे, "आलं, आलं! गेलं!"

त्या रात्री पडद्यावर दोघे होते. प्रणय रॉय इंग्रजीत आकडे समजावून सांगत आणि त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत शेजारचा तरुण ते हिंदीत करून सांगे. कागद नाही, चाचपडणं नाही. आमच्या ओटीवरच्या अर्ध्या लोकांना हिंदी नीट येत नव्हतं, इंग्रजी तर दूरच. तरी त्या दुसऱ्या माणसाचं बोलणं सगळ्यांना कळत होतं. त्याचं नाव विनोद दुआ.

"सिंधूचं पाणी प्यालेल्या घरातला आहे," कराचीआजी पुन्हा म्हणाली. "शिकारपूरचा असेल."

आजोबा वैतागले. त्यांना कुलाब्याचा निकाल हवा होता. जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं, पण मतदारसंघ अजून कुलाबाच होता. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील उभे होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत, उरणजवळ जासई आणि दास्तान फाट्यावर, नव्या मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला होता आणि पाच जण मेले होते. दि. बा. त्या आंदोलनाचे पुढारी होते. देशभर काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळत असताना कुलाब्याने दि. बां.ना निवडून दिलं. ही बातमी आम्हांला टीव्हीच्या आधी रोह्याहून सायकलवर आलेल्या एका माणसाने दिली. आजोबांनी मडकं फोडायला सांगितलं आणि वालाच्या शेंगांचा पहिला मूठभर घास कराचीआजीच्या हातावर ठेवला. "घे बाय," ते म्हणाले. ती त्यांची चुलत बहीण. साठी उलटलेला माणूस पन्नाशीच्या बहिणीला अजून 'बाय' म्हणत होता.

तिची गोष्ट आम्हां मुलांना पाठ होती, कारण ती दर पोपटीला सांगायची.

तिचे वडील तरुणपणीच कराचीला गेले. आज हे ऐकणाऱ्याला परदेश वाटतो. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. १९३६ साली तो वेगळा प्रांत झाला. कोकणातल्या माणसाला कराची म्हणजे मुंबईच्या पुढचं आणखी एक बंदर. गोदीत, रेल्वेत, कचेऱ्यांत, शाळांत मराठी माणसं होती. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, नारायण जगन्नाथ वैद्य नावाच्या मराठी शिक्षणाधिकाऱ्याने सिंधमध्ये शाळा उभ्या करण्याचं काम केलं; त्यांच्या नावाचं हायस्कूल कराचीत आजही चालू आहे. कराचीआजीला अर्थात वैद्य माहीत नव्हते. तिला माहीत होतं ते केमारीचं बंदर, गोदीत काम करणारे वडील, चाळीतला गणपती आणि शेजारची सिंधी बाई, जी तिला "हेडे अच" म्हणून हाक मारायची आणि हातावर गरम कोकी ठेवायची. कांदा, मिरची आणि डाळिंबाचे सुकवलेले दाणे घातलेली गव्हाची जाड पोळी.

१९४८च्या ६ जानेवारीला कराचीत दंगल झाली. तोवर 'आपण कशाला जायचं' म्हणणारी कितीतरी घरं त्यानंतर बंदराकडे धावली. कराचीआजी बारा वर्षांची. तिला दंगलीतलं एकच आठवायचं: आईने आतून कडी घातली आणि कडी वाजू नये म्हणून तिच्यात फडकं कोंबलं. त्यानंतर ती थेट बोटीवर यायची. मधले तीन आठवडे तिने कधीच सांगितले नाहीत. लहानपणी मला वाटे, ती विसरली असेल.

बोट मुंबईला लागली तेव्हा बंदर गप्प होतं. हमाल हळू बोलत होते. धक्क्यावर उतरल्यावर कळलं, आदल्या संध्याकाळी गांधीजींना गोळ्या घातल्या. नव्या देशात तिने ऐकलेली पहिली बातमी ही.

दुसऱ्या दिवशी आलेल्यांची यादी करणारा एक कारकून प्रत्येकाला विचारत होता, "कुठून आलात? कुठे जाणार?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांपाशी नव्हतं, म्हणून तो थांबतही नव्हता, नावं सरळ कल्याणच्या छावणीच्या रकान्यात जात होती. कल्याणजवळची ती लष्करी छावणी. तिलाच १९४९च्या ऑगस्टमध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळालं आणि हजारो सिंधी कुटुंबांनी त्या बराकींमध्ये संसार मांडला. कराचीआजीच्या वडिलांचंही नाव त्या रकान्यात गेलं. ते म्हणाले, "खोडा ते. आम्हांला गाव आहे." कारकून म्हणाला, "कुठलं?" वडील म्हणाले, "धाटाव." त्याने हे नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. तीनदा सांगावं लागलं.

मग भाऊच्या धक्क्यावरून लाँच, धरमतरला उतरणं, पेणपर्यंत कसंबसं, पेणहून सर्व्हिस मोटार. एसटी सुरू व्हायला अजून चार महिने होते. नागोठण्याच्या पुढे बैलगाडी. रात्री गाडी आमच्या खळ्यात थांबली. आजोबा तेव्हा पंचविशीचे. त्यांनी ही बहीण त्याआधी कधी पाहिली नव्हती.

इथे तिच्या गोष्टीतला मला सर्वांत खोल वाटणारा भाग येतो. सरकारदरबारी, शाळेच्या दाखल्यावर तिच्या नावापुढे 'निर्वासित' लागलं. या शब्दाचा तिला शेवटपर्यंत राग होता. ती म्हणायची, "मी कोकणातली. आमच्याच गावात आले. निर्वासित कशी?" पण त्याच श्वासात सांगायची की पहिलं वर्षभर या गावात तिच्याशी खेळायला कुणी येत नव्हतं, कारण तिच्या मराठीत सिंधी शब्द येत आणि मुली हसत. ती आपल्या गावात आली होती आणि त्या गावाची तिला ओळख नव्हती. भाताची लावणी तिला येत नव्हती. चिखलात पाय घालायला ती रडली. गहू मिळेना, तेव्हा तिच्या आईने तांदळाच्या पिठात कांदा-मिरची मिसळून कोकी थापली आणि डाळिंबाच्या दाण्यांच्या जागी आमसूल चिरून घातलं. ती कोकी आमच्या घरात आजही होते. आम्ही तिला 'कराचीभाकरी' म्हणतो.

टीव्हीवरच्या त्या माणसाबद्दल तिचं म्हणणं खरं निघालं, हे मला खूप उशिरा कळलं.

विनोद दुआंचे आईवडील डेरा इस्माईल खानचे. तेव्हाच्या वायव्य सरहद्द प्रांतातलं, सिंधू नदीच्या पश्चिम काठावरचं हे शहर. घरची भाषा सराइकी. १९४७च्या फाळणीत ते कुटुंब दिल्लीत आलं. तिथल्या लोकांना दिल्लीत 'डेरावाल' म्हणतात. उत्तर दिल्लीत त्यांच्या नावाची डेरावाल नगर ही वसाहतही आहे. विनोद जन्मला ११ मार्च १९५४ला, दिल्लीत, आणि वाढला निर्वासितांच्या वसाहतींत. म्हणजे त्याने स्वतः काही सोडलं नव्हतं. त्याच्या वाट्याला आली ती मोठ्यांच्या तोंडची गोष्ट.

शिकारपूर खाली सिंधमध्ये आणि डेरा त्याच्या कितीतरी वर, त्याच नदीच्या काठाने. कराचीआजीचं गाव चुकलं, नदी बरोबर होती. हे मला कळलं तेव्हा ती जाऊन काही वर्षं झाली होती. तिला सांगायचं राहिलं याची मला आजही हळहळ वाटते.

तो हंसराज कॉलेजात शिकला. हे कॉलेजही फाळणीच्या लाटेतलंच. लाहोर ज्या डीएव्ही संस्थेचं घर होतं, तिने फाळणीनंतर वर्षभरात, १९४८ मध्ये, दिल्लीत ते काढलं. इंग्रजी साहित्य हा त्याचा विषय, वादविवादात पुढे, गाण्यात पुढे. नोव्हेंबर १९७४ मध्ये दिल्ली दूरदर्शनच्या 'युवा मंच' या कार्यक्रमात तो पहिल्यांदा दिसला. वय वीस. १९७५ मध्ये अमेरिकी उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही पोचवण्याचा मोठा प्रयोग झाला. त्याच वर्षी दुआंनी रायपूर, मुझफ्फरपूर आणि जयपूरकडच्या तरुणांसाठी 'युवा जन' केला. मग अमृतसर केंद्रावरून 'जवान तरंग', १९८० पर्यंत. अमृतसरहून लाहोर पन्नासेक किलोमीटर. तिथल्या छपरांवरचे अँटेने लाहोर केंद्राकडेही वळत. आईबापांनी जी सीमा ओलांडली, तिच्या अलीकडच्या कडेला उभं राहून हा मुलगा बोलत होता आणि लहरींना कुंपण नसतं. पलीकडे कुणी ऐकत असेल का, हा विचार त्याच्या मनात आल्याशिवाय राहिला नसेल असं मला वाटतं.

आमच्या कुंडलिका नदीबद्दल इथेच सांगायला हवं, कारण आमच्या आजोबांच्या गोष्टीत ती नदी आली की निर्वासित हा शब्द येई.

कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी असतं. कोलाडला आता पर्यटक त्या पाण्यावर रबरी होड्या घालतात. डोलवहालच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांत जातं आणि त्यावर उन्हाळी भात होतो. लहानपणी मी आजोबांना विचारलं, पावसाळा नसताना हे पाणी येतं कुठून? त्यांनी सह्याद्रीकडे हात केला. "मावळातनं. बुडालेल्या गावांचं आहे ते."

मुळशीचं धरण. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी त्याच्याविरुद्ध सत्याग्रह उभारला. नीला आणि मुळा नद्यांच्या खोऱ्यातली पन्नासेक गावं आणि आंबेमोहोराची शेतं पाण्याखाली जाणार होती. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी दिलेला हा जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी एक. तो हरला. घाटावर साठलेलं पाणी नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, मुंबईसाठी वीज करतं आणि मग कुंडलिकेत सोडलं जातं. आमचा उन्हाळी भात त्या पाण्यावर पिकला. आजोबा पहिलं पाणी शेतात घेताना दोन्ही हातांनी नमस्कार करायचे. मला वाटायचं नदीला. एकदा ते म्हणाले, "ज्यांचं गेलं त्यांना."

सत्तरच्या दशकात धाटावला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि आमचीही खाचरं गेली. रोह्याची रसायनांची वसाहत म्हणून जी आज ओळखली जाते, ती आमच्या भाताच्या जागेवर आहे. वडिलांना कारखान्यात काम मिळालं, घरात पगार आला, टीव्ही आला, मी शिकले. हे सगळं खरं आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण आजोबा संध्याकाळी कुंपणापर्यंत चालत जायचे आणि आतल्या एका टाकीकडे बघत उभे राहायचे. टाकीच्या खाली त्यांचं सगळ्यात चांगलं खाचर होतं. मैलभरही न हलता माणसाचं गाव त्याच्या पायाखालून जाऊ शकतं, हे मी त्यांच्या पाठीकडे बघून शिकले.

म्हणून १९८५ मध्ये 'जनवाणी' सुरू झालं तेव्हा आमच्या घरात त्याला काय मान होता ते सांगते. दुआंचा कार्यक्रम. समोर केंद्रातला मंत्री बसलेला आणि साधी माणसं त्याला समोरासमोर प्रश्न विचारत. आज हे काहीच वाटणार नाही. तेव्हा दूरदर्शन सरकारचं, खासगी वाहिनी नाही, बातम्या म्हणजे मंत्र्यांनी फिती कापल्याच्या. त्या पडद्यावर मंत्र्याला घाम फुटलेला लोकांनी पहिल्यांदा बघितला. दुआ मध्ये बसून आवाज न चढवता प्रश्न पुन्हा विचारायचे, अधिक सोपा करून. उत्तर टाळलं गेलं की ते टाळलं गेल्याचं सगळ्या देशाला दिसे.

आजोबा खुर्ची पुढे ओढून बसायचे. जमिनीच्या मोबदल्याचा आमचा एक प्रश्न वर्षानुवर्षं एका कचेरीत पडून होता. ते पडद्याला म्हणायचे, "आमचं पण विचार रं बाबा." कराचीआजी त्यांना गप्प करी, "तो विचारील. त्याच्या घरचंही गेलंय." तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने ते आवाजावरून ठरवलं होतं.

मी पुढे पुष्कळ विचार केला की तिला ऐकू काय आलं असेल. उच्चारांतली काही लकब, हे तर आहेच. दिल्लीच्या पंजाबी हिंदीहून सराइकी घरातलं बोलणं किंचित मऊ असतं. पण मला वाटतं, तिने ओळखली ती विचारण्याची तऱ्हा. घर गमावलेल्या माणसांच्या पोरांना लहानपणापासून मोठ्यांना विचारत राहावं लागतं: मग काय झालं, मग कुठे गेलात, तिथे कोण राहतं आता? आणि मोठी माणसं मधला भाग गाळतात, कराचीआजीच्या तीन आठवड्यांसारखा. गाळलेलं ओळखायचं आणि हळूच परत त्याच जागी यायचं, ही सवय त्या पोरांना घरातच लागते. दुआंकडे ती होती. त्यांच्या हिंदीबद्दलही मला असंच वाटतं. आकाशवाणीची संस्कृतप्रचुर हिंदी त्यांनी घेतली नाही, कारण ती त्यांच्या घरची नव्हतीच. त्यांनी वसाहतीतली, बाजारातली, जिथे सराइकी, पंजाबी आणि उर्दू बोलणारी माणसं एकमेकांना समजावी म्हणून बोलतात ती हिंदी घेतली. म्हणून ती धाटावलाही कळली.

१९९२ ते १९९६ दूरदर्शनवर 'परख' होतं. बातम्यांचं साप्ताहिकच म्हणा, देशभरातून आणलेल्या गोष्टींचं. मी तेव्हा कॉलेजात. हाच तो काळ ज्यात आमचा जिल्हा देशाच्या बातम्यांत आला आणि तो येऊ नये तसा आला. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत दंगली झाल्या. मग मार्चमधले स्फोट, आणि त्यांची स्फोटकं श्रीवर्धनजवळ शेखाडीला आणि दिघीला उतरवल्याचं उघड झालं. जानेवारीत एका रात्री बातम्यांत जळणारी वस्ती दिसली आणि कराचीआजी उठून आत गेली. मी मागोमाग गेले. ती दाराच्या कडीत फडकं कोंबत होती.

मी काहीच बोलले नाही. मलाही त्यावेळी विचारता आलं असतं, ते तीन आठवडे. विचारलं नाही. आता वाटतं, मी बातमीदार झाले नाही ते बरं झालं.

दुआंच्या पुढच्या वाटचालीत पुष्कळ वाहिन्या आहेत आणि मी ती यादी देत बसणार नाही. १९९६ मध्ये गोएंकांच्या नावाचा पत्रकारिता पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये पद्मश्री, २०१७ मध्ये मुंबई प्रेस क्लबचा जीवनगौरव. त्यांच्यावर एक डागही आहे आणि तो न सांगणं खोटेपणाचं होईल. २०१८ मध्ये एका चित्रपट दिग्दर्शिकेने त्यांच्यावर, एकोणीसशे ऐंशीच्या दशकातल्या गैरवर्तनाचा आरोप केला. त्यांनी तो नाकारला. चौकशी समिती नेमली गेली, पण निकालापर्यंत काही पोचलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर उत्तरं मागितली, त्याच्याकडूनही पूर्ण उत्तर यायला हवं होतं, असं एक स्त्री म्हणून मला वाटतं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर आणि ही खंत दोन्ही माझ्याजवळ आहेत.

कराचीआजीला मात्र शेवटच्या वर्षांत त्यांचं वेगळंच रूप भेटलं. एनडीटीव्हीवर 'जायका इंडिया का'. मंत्र्यांना घाम फोडणारा माणूस आता हमरस्त्यांवरच्या ढाब्यांत, गल्ल्यांतल्या टपऱ्यांवर उभा राहून खात होता आणि चुलीमागच्या माणसाला विचारत होता, तुम्ही मूळचे कुठले? तिला दिसायला कमी येऊ लागलं होतं. ती टीव्हीला नाक लावून बसायची आणि पदार्थ ओळखायची. कधी सिंधी किंवा मुलतानी काही आलं की "बघ, बघ" म्हणून माझ्या मांडीवर चापट मारायची. निर्वासितांनी भारताला काय दिलं हे कळायला दिल्ली, उल्हासनगर आणि मुंबईतला सायन कोळीवाडा इथल्या खाण्याच्या गाड्या पुरतात. माणसं जमीन आणू शकली नाहीत, तवा आणू शकली. एकदा ती म्हणाली, "ह्याला आपली भाकरी खायला घालायला पाहिजे होती." आमसुलाची कोकी. दुआ धाटावला कधी आले नाहीत. आले असते तर त्यांनी पहिला प्रश्न आमसुलाबद्दलच विचारला असता, अशी माझी खात्री आहे.

ती गेली त्यानंतरच्या गोष्टी तिला कळल्या नाहीत. टीव्ही सोडून दुआ इंटरनेटवर बोलू लागले, एकटेच, कॅमेऱ्याकडे बघत, आता विचारायला समोर मंत्री येत नसत. ३० मार्च २०२० च्या एका कार्यक्रमातल्या बोलण्यावरून हिमाचल प्रदेशात, शिमला जिल्ह्यातल्या कुमारसैन पोलिस ठाण्यात त्यांच्यावर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. टाळेबंदीचे दिवस. रस्त्यांवरून लाखो मजूर डोक्यावर बोचकी घेऊन गावाकडे चालले होते. मुंबई-गोवा महामार्गावर पेण, नागोठण्याच्या बाजूने आमचीही कोकणची माणसं चालत होती. कराचीआजीने ते बघितलं असतं तर ती काय म्हणाली असती, हा विचार मी मनातून काढून टाकते.

सर्वोच्च न्यायालयाने १४ जूनला, रविवारी बसून त्यांची अटक रोखली. निकाल आला ३ जून २०२१ला. न्यायमूर्ती उदय लळीत आणि विनीत सरन यांनी गुन्हा रद्द केला. १९६२च्या केदारनाथ सिंह खटल्याने राजद्रोहाच्या कलमाला जी मर्यादा घातली, तिचं संरक्षण प्रत्येक पत्रकाराला आहे, असं त्यांनी म्हटलं. दहा वर्षं काम केलेल्या पत्रकारांवर समितीच्या परवानगीविना गुन्हा नोंदवू नये, ही दुआंची दुसरी मागणी मात्र मान्य झाली नाही. लळीत मूळचे सिंधुदुर्गातले. आमच्या वडिलांनी वर्तमानपत्रातला तो निकाल कापून 'कृषीवल'च्या जुन्या अंकांबरोबर ठेवला. चरीच्या शेतकऱ्यांचा सहा वर्षांचा संप चालू असताना, १९३७ मध्ये निघालेलं आमच्या जिल्ह्याचं हे वर्तमानपत्र. आजोबा ते जपून ठेवत. टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला त्यांना त्यांच्या वडिलांकडून माहीत होता. आमच्या घरात त्या कलमाची गोष्ट चार पिढ्या ऐकली गेली आहे.

निकालानंतर आठ दिवसांनी दुआंच्या पत्नी पद्मावती, सगळे ज्यांना चिन्ना म्हणत, करोनाने गेल्या. त्या तमिळ, डॉक्टर; दोघं मिळून गाणी गायची. ते स्वतःही त्याच आजाराने खचले होते. ४ डिसेंबर २०२१ला दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. वय सदुसष्ट.

त्या महिन्यात धाटावला पोपटी लागली, तशी दर वर्षी लागते. वाल आता कमी लावला जातो, आम्ही शेंगा पेणच्या बाजारातून आणल्या. भांबुर्डा मात्र कुंपणाच्या कडेला अजून उगवतो. आग विझत आली तेव्हा वडिलांनी मोबाइलवर दुआंचा जुना व्हिडिओ लावला आणि माझा सहावीतला भाचा म्हणाला, "हे कोण?"

मी म्हटलं, "कराचीआजीच्या ओळखीचे."

"कराचीआजी कोण?"

मग मी सुरुवात केली. केमारी, चाळीतला गणपती, कडीत कोंबलेलं फडकं. आणि तिथून, तिच्यासारखीच, मी एकदम बोटीवर आले. मुंबईचं गप्प बंदर, कारकून, कल्याणचा रकाना.

"थांब," तो म्हणाला. हातातली शेंग त्याने खाली ठेवली. "फडकं कोंबल्यावर मग काय झालं?"